पळून आलेल्यांनी मोडलेली तडजोड

24 मे 1854 च्या संध्याकाळी बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स नावाचा जेमतेम विशीचा कृष्णवर्णीय तरुण कपड्यांच्या दुकानातले काम आटोपून घरी निघाला होता. वाटेत त्याला धरले. सराफाच्या दुकानात चोरी झाली आहे, तुझ्यावर संशय आहे, असे सांगून त्याला कोर्टाच्या इमारतीत नेले. तिथे समोर आला तो त्याचा व्हर्जिनियातला मालक, चार्ल्स सटल. चोरीचे नुसते निमित्त होते. बर्न्सने चोरले होते ते स्वतःलाच. काही महिन्यांपूर्वी तो रिचमंडहून जहाजात लपून बोस्टनला आला, इथून त्याने भावाला पत्र धाडले, ते मालकाच्या हाती पडले आणि ठावठिकाणा उघड झाला.

पुढचा आठवडाभर शहर धुमसत होते. 26 तारखेच्या रात्री काळ्या-गोऱ्यांच्या जमावाने ओंडक्याने धडका देऊन कोर्टाचा दरवाजा फोडला. झटापटीत एक पहारेकरी ठार झाला, पण बर्न्सला काही सोडवता आले नाही. 2 जूनला निकाल मालकाच्या बाजूने लागला. एका निःशस्त्र माणसाला धक्क्यावरच्या जहाजापर्यंत न्यायला सैनिक आणले, नौसैनिक आणले, भरलेली तोफही आणली. दुकानांवर काळी कापडे लटकत होती. रस्त्यावर आडवी टांगलेली एक शवपेटी होती आणि तिच्यावर 'स्वातंत्र्य' असे लिहिलेले होते. दुतर्फा सुमारे 50,000 माणसे उभी होती आणि सैनिकांची छी-थू करत होती.

त्या शहरातला कापडाचा मोठा व्यापारी एमॉस लॉरेन्स हा काही चळवळ्या नव्हता. दक्षिणेचा कापूस आणि उत्तरेच्या गिरण्या यांचे सूत जमवून ठेवण्यात ज्यांचे हित होते, त्या वर्गातला तो माणूस. त्याने या प्रसंगानंतर लिहिले, की आपण रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे तडजोडवाले म्हणून आणि सकाळी उठलो ते ठार वेडे गुलामगिरीविरोधक होऊन.

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताची गोष्ट आपल्याकडे लिंकनपासून सुरू होते आणि लिंकनपाशीच संपते. लिंकनच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण हा देश दुभंगला कसा आणि शेवटी मुक्तीपर्यंत पोचला कसा, हे समजून घ्यायचे तर बर्न्ससारख्या पळून आलेल्यांवर नजर ठेवावी लागते. मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी घडवलेली प्रत्येक तडजोड नेमकी इथेच उसवली.

पहिली तडजोड खुद्द राज्यघटनेतच होती. 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली तेव्हा उत्तरेकडील राज्ये गुलामगिरीतून हळूहळू बाहेर पडत होती, दक्षिणेला ती हवी होती. दोघांना एका छताखाली आणायचे म्हणून तीन गोष्टी दक्षिणेच्या पदरात टाकल्या गेल्या. प्रतिनिधींची संख्या ठरवताना दर पाच गुलामांची तीन माणसे धरायची. म्हणजे मत गुलामाला नाही, पण त्याच्या जिवावर मालकाच्या राज्याला जागा जास्त. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर 1808 पर्यंत बंदी घालायची नाही. आणि एका राज्यातून पळालेला दुसऱ्या राज्यात सापडला तर तो परत करायचा. हे सारे गुलामगिरीचे नावही न घेता, आडवळणाच्या भाषेत लिहिलेले आहे. लिहिणाऱ्यांना लाज वाटत होती, हे मात्र त्यातून कळते.

ही प्रथा आपोआप विझेल, अशी त्यांतल्या अनेकांची समजूत होती. ती 1793 मध्ये एका यंत्राने खोटी पाडली. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी सहज निघत नसे. दिवसभर खपून एका माणसाच्या हातून जेमतेम पौंडभर रुई निघायची. एली व्हिटनीच्या जिनवर ती 50 पौंड निघू लागली. विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला कापूस, सरकी आणि जिन यांचे नाते वेगळे सांगायला नको. यंत्राने सरकी काढली, पण लावणी, खुरपणी आणि वेचणी माणसांनाच करायची होती. जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंत जंगले तोडून कापूस पेरला गेला. 1790 मध्ये सुमारे 7 लाख असलेले गुलाम 1860 मध्ये 39 लाखांवर गेले. दक्षिणेत दर तीन माणसांमागे एक जण गुलाम होता. गुलामांची बाजारातली किंमत देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांत मिळून गुंतलेल्या भांडवलाहून जास्त भरत होती.

1808 नंतर बाहेरून माणसे आणणे बंद झाले तेव्हा देशातल्या देशात विक्री फोफावली. व्हर्जिनिया-मेरीलंडच्या झिजलेल्या तंबाखूच्या जमिनींवरून सुमारे 10 लाख माणसे दक्षिणेच्या कापसाच्या पट्ट्यात नेली गेली. कुणी मालकाबरोबर गेले, पुष्कळ जण लिलावात विकले जाऊन. आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे, हे त्या व्यापारात रोजचेच होते. पळून जाण्याच्या कित्येक हकिकतींच्या मुळाशी नुसता चाबूक नाही, उद्या विकले जाण्याची ही धास्ती आहे.

देश पश्चिमेकडे वाढत होता आणि प्रत्येक नव्या राज्यागणिक तोच प्रश्न उभा राहत होता: इथे गुलाम ठेवता येतील की नाही? 1820 मध्ये मिसुरी राज्याच्या वेळी नकाशावर 36 अंश 30 मिनिटांची रेघ ओढली, तिच्या उत्तरेला (मिसुरी वगळून) गुलामगिरी नको असे ठरले आणि तीस-पस्तीस वर्षे निभावली. 1846 ते 1848 च्या युद्धात मेक्सिकोचा प्रचंड मुलूख हाती आला, तेव्हा भांडण पुन्हा उकरले गेले. 1850 मध्ये नवी तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आले आणि त्याची भरपाई म्हणून दक्षिणेला पळालेल्या गुलामांबाबतचा कडक कायदा मिळाला.

या कायद्याकडे जरा जवळून पाहावे. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. निवाडा करणारा कमिशनर त्याला मालकाच्या हवाली करील तर 10 डॉलर फी, सोडून देईल तर 5. (जास्तीच्या कागदपत्रांची मजुरी, असा खुलासा कायद्याचे समर्थक करीत.) पळालेल्याला आसरा देणाऱ्यास 1,000 डॉलर दंड आणि सहा महिने कैद. आणि अधिकाऱ्याने हाक दिली तर पाठलागात सामील होणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य. गुलामगिरी ही दूर दक्षिणेतली भानगड आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्या उत्तरेच्या माणसाच्या दारात ती या कायद्याने आणून उभी केली. हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी याच चिडीतून आली. 1852 मध्ये पुस्तकरूपाने निघाल्यावर वर्षभरात अमेरिकेत तिच्या 3 लाख प्रती खपल्या. चळवळीतला सर्वांत प्रभावी वक्ता फ्रेडरिक डग्लस हाही पळून आलेलाच. 1838 मध्ये खलाशाचा वेश करून, दुसऱ्याचे कागद दाखवून तो बाल्टिमोरहून निसटला होता. त्याला ऐकल्यावर गुलाम सुखी असतात, हे सांगणाऱ्यांची अडचण होत असे.

बर्न्स कोठडीत होता त्याच आठवड्यात, 30 मे 1854 ला, वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. सिनेटर स्टीफन डग्लस यांनी 1820 ची रेघ पुसून टाकली. आता त्या त्या मुलुखात वसलेले लोकच मतदान करून गुलामगिरी ठेवायची की नाही ते ठरवणार होते. ऐकायला लोकशाहीचा कळस. परिणाम असा, की दोन्ही बाजूंनी बंदुका घेऊन माणसे कॅन्ससमध्ये घुसली. उत्तरेतून जाणाऱ्यांना पैसा पुरवण्यात तोच एमॉस लॉरेन्स पुढे होता. तिथे वसलेल्या गावाला त्याचेच नाव पडले. 21 मे 1856 ला दक्षिणवाल्यांच्या टोळीने ते लॉरेन्स गाव लुटले. दुसऱ्याच दिवशी सिनेटच्या सभागृहात बाकावर लिहीत बसलेल्या चार्ल्स समनर यांना साउथ कॅरोलायनाच्या प्रेस्टन ब्रूक्स या खासदाराने काठी मोडेपर्यंत बडवले. समनर यांनी भाषणात ब्रूक्सच्या नातेवाईक सिनेटरचा जहाल उपहास केला होता. ते पूर्णपणे कामावर परतायला तीन वर्षे गेली, तोवर मॅसॅच्युसेट्सने त्यांची खुर्ची रिकामी ठेवली. दक्षिणेतल्या चाहत्यांनी ब्रूक्सला नव्या काठ्या भेट पाठवल्या. आणखी दोन दिवसांनी कॅन्ससमध्ये जॉन ब्राऊन आणि त्याच्या साथीदारांनी पाच गुलामगिरीसमर्थकांना रात्री घरातून ओढून तलवारींनी कापले. हा सारा चार दिवसांचा हिशेब.

न्यायालयाने तोडगा काढावा म्हणावे, तर 1857 मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी ड्रेड स्कॉट खटल्यात आगीत तेल ओतले. कृष्णवर्णीय माणूस, मग तो स्वतंत्र का असेना, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि संघराज्याच्या मुलुखात गुलामगिरीला बंदी घालण्याचा संसदेला अधिकारच नाही, असा तो निकाल होता. 1854 मध्ये जन्मलेल्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच यामुळे घटनाबाह्य ठरत होता. 1859 च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला करून गुलामांचे बंड उभारायचा प्रयत्न केला. तो फसला, 2 डिसेंबरला तो फासावर गेला. उत्तरेत काही ठिकाणी त्याच्यासाठी घंटा वाजल्या, त्या दक्षिणेने नीट ऐकल्या.

1860 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन 40 टक्क्यांहूनही कमी मते मिळवून जिंकले. दक्षिणेच्या दहा राज्यांत त्यांना एकही मत मोजले गेले नाही. 20 डिसेंबरला साउथ कॅरोलायनाने काडीमोड घेतला, फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा राज्ये निघाली. लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती, असे पुढे दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. साउथ कॅरोलायनाचा फुटून निघण्याचा जाहीरनामा मात्र वेगळेच सांगतो. उत्तरेची राज्ये आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत, ही त्यातली ठळक तक्रार आहे आणि त्या राज्यांची नावानिशी यादी आहे. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हेच दुखणे होते. नव्या दक्षिणी राष्ट्राचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च 1861 मध्ये सव्हानाच्या सभेत तर आडपडदाच ठेवला नाही. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या शासनाची कोनशिला, असे ते म्हणाले.

उत्तरेचे सरकार तरी मुक्तीसाठी निघाले होते का? मुळीच नाही. राज्यांतल्या गुलामगिरीला कधीच हात लावता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती मार्च 1861 च्या सुरुवातीला संसदेने मंजूर केली होती. पुरेशा राज्यांनी मान्य केली असती तर ती तेरावी घटनादुरुस्ती ठरली असती. पळालेले परत देण्याचे कलम पाळले जाईल, हे लिंकन यांनी शपथविधीच्या भाषणातही सांगितले. 12 एप्रिलला चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या, आणखी चार राज्ये फुटली आणि युद्ध पेटले. ते देश एकसंध राखण्याचे युद्ध होते. मेरीलंड, केंटकी, मिसुरी आणि डेलावेअर ही गुलामगिरीची राज्ये उत्तरेकडेच होती आणि त्यांना दुखवणे लिंकन यांना परवडणारे नव्हते.

मग 23 मे 1861 च्या रात्री तीन माणसांनी होडी वल्हवली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड अशी त्यांची नावे. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला त्यांना जुंपले होते. मालक त्यांना आणखी दूर, नॉर्थ कॅरोलायनात पाठवणार, अशी कुणकुण लागली आणि ते खाडीपलीकडच्या फोर्ट मनरो या उत्तरेच्या ठाण्यावर जाऊन थडकले. ठाण्याचा अधिकारी बेंजामिन बटलर हा पेशाने वकील. गुलामगिरीचा वैरी वगैरे तो नव्हता. आदल्या वर्षीच्या पक्ष-अधिवेशनात त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन डेव्हिस यांना पुनःपुन्हा मत दिले होते, आणि आता ते शत्रूराष्ट्राचे अध्यक्ष होते. मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि 1850 च्या कायद्याने ही माणसे परत द्या म्हणाला. बटलरचे उत्तर वकिली होते. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना? मग अमेरिकेचा कायदा तिला कसा लागू होईल? शिवाय ही माणसे तुमची मालमत्ता असतील आणि तुम्ही ती युद्धाच्या कामी लावली असेल, तर शत्रूची युद्धसामग्री जप्त करण्याचा मला हक्क आहे.

माणसाला माल मानण्याच्या तर्कानेच माणूस सुटला. त्यातून बटलरची नैतिक उंची किती दिसते, हा प्रश्न वेगळा. बातमी मळ्यामळ्यांतून पसरली. बायका, मुले, म्हातारी माणसे बोचकी घेऊन येऊ लागली. ऑगस्टपर्यंत त्या एका ठाण्यावर सुमारे 900 जण जमले. योगायोग असा, की 1619 मध्ये व्हर्जिनियात आणलेली पहिली वीसेक आफ्रिकी माणसे ज्या भूशिरावर उतरवली गेली, त्याच भूशिरावर हा किल्ला उभा आहे.

यांचे करायचे काय, याचे उत्तर वॉशिंग्टनला द्यावेच लागले. ऑगस्ट 1861 मध्ये जप्तीचा पहिला कायदा आला, एप्रिल 1862 मध्ये राजधानीतील गुलाम मालकांना भरपाई देऊन मुक्त झाले, जुलैत जप्तीचा दुसरा, अधिक व्यापक कायदा आला. त्याच महिन्यात लिंकन यांनी मुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर ही हताशपणाची किंकाळी वाटेल, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी दिला. 17 सप्टेंबरला अँटिटमच्या रणात एका दिवसात सुमारे 23,000 सैनिक मेले, घायाळ वा बेपत्ता झाले. विजय म्हणावा असा तो नव्हता, पण दक्षिणेचे सैन्य मागे हटले. पाच दिवसांनी इशारा निघाला आणि 1 जानेवारी 1863 ला घोषणा अमलात आली.

ती बंडखोर मुलखापुरतीच होती. लिंकन यांच्या बाजूच्या चार राज्यांतले गुलाम तिच्यातून वगळले होते. या कारणाने तिला कागदी म्हणून हसणारे तेव्हाही होते. पण त्यानंतर उत्तरेचे सैन्य जिथे पोचेल तिथे गुलामगिरी संपत गेली, आणि कृष्णवर्णीयांसाठी सैन्याची दारे उघडली. युद्ध संपेतो सुमारे 1 लाख 79 हजार जण भूदलात भरती झाले, आणखी हजारो नौदलात. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. यांना 10, आणि त्यातूनही 3 कपड्यांचे कापून 7. मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने हा अपमानाचा पगार वर्षभर घेतलाच नाही. या पलटणीने जुलै 1863 मध्ये फोर्ट वॅग्नरवर जिवावर उदार होऊन हल्ला चढवला होता. जून 1864 मध्ये संसदेने पगार सारखा केला.

या काळातला रॉबर्ट स्मॉल्स विसरता येत नाही. चार्ल्सटन बंदरात 'प्लँटर' नावाच्या लष्करी आगबोटीवर सुकाणू धरणारा हा तेवीस वर्षांचा गुलाम. 12 मे 1862 च्या रात्री गोरे अधिकारी किनाऱ्यावर मुक्कामाला गेले. पहाटे स्मॉल्सने बोट सुरू केली, दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुले घेतली, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली आणि अंधारात फोर्ट समटरपाशी ठरलेली शिट्टी बरोबर वाजवली. किल्ल्याने वाट दिली. तोफेच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर फडकवून त्याने सोळा माणसांसह बोट, तिच्यावरच्या तोफांसकट, उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली.

दक्षिणेची सारी भिस्त कापसावर होती. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून येई, तेव्हा नाकेबंदी झाली की इंग्लंड मदतीला धावेल, असा हिशेब होता. लँकेशायरच्या मजुरांची उपासमार झाली, पण इंग्लंड युद्धात उतरले नाही. कापूस इजिप्तमधून आणि मुंबईतून येऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला सोन्याचे मोल आले, समुद्र भरून काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी लोक वाटेल ते मोजू लागले. 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेचे सेनापती ली यांनी ॲपोमॅटॉक्सला शस्त्रे ठेवली. ही बातमी मुंबईत पोचताच भाव कोसळले आणि 1 जुलैला बाजार बुडाला. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद यांनी दिलेला पैसा त्या तेजीतला.

लिंकन यांची 14 एप्रिलला गोळी झाडून हत्या झाली. त्याआधी, 31 जानेवारीला, त्यांनी एकेक मत वळवून तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहातून 119 विरुद्ध 56 मतांनी मंजूर करून घेतली होती. 6 डिसेंबर 1865 ला पुरेशा राज्यांची मान्यता मिळून गुलामगिरी देशभर संपली. मिसिसिपीने ही दुरुस्ती नाकारली, ती 1995 मध्ये मान्य केली. युद्धाने किमान 6 लाख 20 हजार सैनिकांचे प्राण घेतले आणि सुमारे 40 लाख माणसे मोकळी झाली.

1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे जे सोसले त्याबद्दल आदर, आणि शूद्रांना जोखडातून सोडवण्यात आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही आशा, असा तिचा आशय आहे. फुल्यांचा रोख अर्थात पुण्याकडे होता. उच्चवर्णीयांना लाजवण्यासाठी त्यांना गोऱ्यांच्या त्यागाचे उदाहरण हवे होते. होडी वल्हवणारे तिघे त्या अर्पणपत्रिकेत नाहीत. तरी ज्या काळात मुंबईला या युद्धातून रुईचा भाव तेवढा दिसला, त्या काळात त्यातली माणसे पाहणारा हा एक लेखक होता.

फुले लिहीत होते तेव्हा मुक्त माणसांच्या हातून जिंकलेले निसटू लागले होते. युद्ध संपताना समुद्रकाठच्या पट्ट्यात त्यांना वाटलेली जमीन राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत दिली होती. चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि पंधराव्या दुरुस्तीने मताचा हक्क आला, पण कू क्लक्स क्लानच्या टोळ्या मतदारांना घरात घुसून मारत होत्या. तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, अशी एक फट होती. दक्षिणेने क्षुल्लक गुन्ह्यांत माणसे धरून कैदी खाणी-मळ्यांना भाड्याने द्यायला ती वापरली. 1877 मध्ये राजकीय सौदा होऊन उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेतला पहारा उठवला. रॉबर्ट स्मॉल्सने लिलावात निघालेले आपल्या जुन्या मालकाचे घर विकत घेतले होते, तो पाच वेळा संसदेवर निवडून गेला. 1895 मध्ये साउथ कॅरोलायनाची नवी घटना लिहायला बसलेल्या सभेत मोजक्या कृष्णवर्णीय सभासदांपैकी तो एक होता. मतदानाला साक्षरतेच्या आणि करभरणीच्या अटी लावून आपल्या लोकांना वगळण्याला त्याने भर सभेत विरोध केला. घटना मंजूर झाली. मताचा हक्क पुन्हा खऱ्या अर्थाने वापरता यायला 1965 चा मतदान हक्क कायदा यावा लागला.